कोणती पेटी, दादा?

दादा, गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत. तू होतास तेव्हा एक तरी भांडण पुरं होऊ दिलंस का? मी बोलायला तोंड उघडलं की तू ती बाजाची पेटी पुढं ओढायचास, भाता हलवायचास, अन् "आता गाणं आयक वं पमे" म्हणून काळी दोनमध्ये सूर लावायचास. आता तुझ्याजवळ पेटी नाही अन् गळाही नाही. आता मुकाट्यानं ऐकून घे.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भीमपूरकडचं आपलं एवढंसं गाव, पण विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. आदिलाबादच्या कापूस बाजारातले तुझे सोबती आले होते, अडते आले होते, पार वांकिडीकडून तुझी गाणी ऐकलेली माणसं आली होती. जो उठला त्यानं तुझ्या आवाजाचंच कौतुक केलं. कोणी म्हणे, भाऊंनी कापसाचा हर्राज पुकारायला सुरुवात केली की बाजाराच्या त्या टोकाचे बैल कान टवकारायचे. कोणी म्हणे, जयंतीच्या मिरवणुकीत भाऊंना कधी भोंगा लागला नाही. सगळे डोळे पुसत होते आणि मी पांढरी साडी नेसून पुढच्या सतरंजीवर दातओठ खात बसले होते. ज्या आवाजापायी तू गेलास, त्याचेच गोडवे गाऊन राह्यले हे लोक!

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. उठले मी. पण घशातून शब्द निघेना. लोकांना वाटलं, बहिणीला गहिवरून आलं. गहिवर कशाचा, डोंबलाचा? राग आला होता मला. इतका राग, की घाटी बसली.

बघ, 'घाटी' म्हणाले. हा शब्द टाकून दे म्हणून आयुष्यभर तुझ्या मागं लागले, आणि ऐन वेळेला माझ्याच तोंडात तोच आला. हसू नको.

मी मराठी माध्यमाच्या शाळेतली मास्तरीण. शरीराचा धडा आला की फळ्यावर गळ्याचं चित्र काढायचं, त्याला बाण काढायचा आणि समोर लिहायचं: स्वरयंत्र. पुढून जो उंचवटा दिसतो तो कंठमणी. पोरं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, संपलं. एकदा मी घरी तक्ता रंगवत बसले होते आणि तू बाजारातून आलास. चपला काढायच्या आधीच तुझं सुरू झालं.

"हे काय व्हय वं?"

"स्वरयंत्र."

"यंत्र? माह्या गळ्यात काय पिठाची गिरणी हाय?"

"मग तू काय म्हणतोस त्याला?"

"घाटी. आपला बाप घाटी म्हणे, आपली माय घाटी म्हणे. घाटी बसते, घाटी सुकते, घाटी फुटते. तुह्यं यंत्र फुटते का कदी?"

नाही फुटत, ही माझी खरी चीड. आपल्याकडं आवाज बसला की घाटी बसली म्हणतात. उन्हात कापूस वेचून आलेली बाई पाण्याचा तांब्या मागते तेव्हा तिची घाटी सुकलेली असते. पोरगा वयात आला, आवाज जाडा झाला, की त्याची घाटी फुटली. एका शब्दावर किती कामं! आणि माझं स्वरयंत्र बापडं फक्त चाचणी परीक्षेत येतं. पण तुझ्यापुढं हे कबूल कोण करणार? मी आपलं ठासून सांगितलं, "घाटी म्हणजे डोंगरातली वाट. शब्दकोशात बघ जाऊन."

"मंग बरोबरच तं हाय," तू म्हणालास. "आवाज तिथूनच चढते अन् तिथूनच उतरते."

असा तू. शिकला-सवरलेला माणूस बरा वाद घालायला, त्याला हरवता तरी येतं. मग कधीतरी तू नवीनच टूम काढलीस की बायकांना घाटी नसते. मी म्हटलं, असते रे, फक्त बाहेर दिसत नाही. तू वैनीकडं बघून म्हणालास, "नसतेच. म्हणून तं या इतक्या बोलतेत. मधात अडवाले काईच नाई." वैनी भाकरी थापत होती. तिनं तसाच पिठाचा हात तुझ्या पाठीत घातला. तुझ्या निळ्या शर्टावर तिची पाच बोटं उमटली आणि तू तोच शर्ट घालून पानठेल्यावर गेलास, सगळ्यांना पाठ दाखवत.

घाटी फुटल्याची गोष्ट तर तू मरेपर्यंत सांगितलीस. मी लहान होते, नुकती शाळेत जायला लागलेली. जयंतीला तू गायन पार्टीत गात होतास. तोवर तुझा आवाज पोरीसारखा बारीक. त्या दिवशी वर चढता चढता मधेच चिरकला, एकदम फाटक्या फडक्यासारखा. मंडपात हशा पिकला आणि माय शेजारणीला म्हणाली, "पोराची घाटी फुटली वं माय." मी रडत पळत आले. तुझी मान इकडून तिकडून बघितली. रक्त कुठं दिसेना. तू मला उंबऱ्यावर बसवलंस, माझं बोट धरून तुझ्या गळ्यावरच्या उंचवट्यावर ठेवलंस आणि तोंड मिटून नुसता 'हंऽऽ' केलंस. बोटाखाली काहीतरी थरथरलं. मी हात मागं घेतला.

"रक्त नाई निंगत वं बयाडे," तू म्हणालास. "थे आतून फुटते."

ही गोष्ट माझ्या लग्नात सांगितलीस, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितलीस, शेवटी शेवटी आवाज उरला नव्हता तेव्हा माझ्या नातीला खुणा करकरून सांगितलीस. आता मी कोणाला सांगू?

पण आज मला भांडायचंय ते दुसऱ्याच शब्दावरून. तुला माहीत आहे कोणत्या.

मागच्या दिवाळीच्या आसपास तुझा आवाज बसला तो बसलाच. आधी आम्ही म्हटलं, म्हातारपण. मग म्हटलं, जन्मभर बाजारात ओरडला, त्याचा परिणाम. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मी म्हणत होते, चल आदिलाबादला, मी येते. नाही. तू माझ्या शाळेत परीक्षा चालू असताना मुद्दाम वैनीला घेऊन गेलास. वैनी यवतमाळकडची. तेलुगूचं अक्षर तिला कळत नाही, 'ये'चं 'रा' आणि 'जा'चं 'पो' सोडून. डॉक्टर नवीन, आंध्राकडचा, त्याला मराठीचं अक्षर नाही. मधे तू, दुभाष्या.

संध्याकाळी मी तुझ्या घरी आले तर पेटी जागेवर नाही. कोपरा रिकामा. तिच्यावरचं ते फुलाफुलांचं पांघरूण घडी करून ठेवलेलं.

"पेटी कुठी गेली रे?"

"विहारात देऊन टाकली. डॉक्टरनं सांगितलं, पेटी काढा."

"डॉक्टरनं? घशाच्या डॉक्टरनं पेटी काढायला सांगितली?"

"हाव ना. स्वरपेटी काढाच लागते म्हणे. गाऊ गाऊ खराबी झाली." आणि वैनीकडं बघितलंस. वैनीनं मान हलवली. तिनं खरंच तो शब्द ऐकला होता. डॉक्टरच्या तोंडून पेटी, पेटी असं तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं.

मला तेव्हाही खटकलं होतं. पण तुझ्या गळ्याला विश्रांती मिळतेय तर बरंच, असं म्हणून गप्प बसले. विश्रांती! तू काय विश्रांती घेणार? जयंती आली तशी तू मंडपात उभा. पेटीशिवाय, नुसत्या सुदामच्या ढोलकीवर. सुदाम बिचारा जन्मभर तुझ्यासोबत वाजवत आला, तोही तुला नको म्हणत होता. मी पुढं जाऊन तुझी बाही ओढली, "अरे डॉक्टरनं काय सांगितलं?" तर म्हणतोस, "डॉक्टरनं पेटी बंद केली, गाणं कुठी बंद केलं?" आणि गायलास. आवाज घोगरा, वरचा सूर लागत नव्हता, जिथं लागत नव्हता तिथं तू नुसता हात वर करायचास आणि लोकच तो सूर लावायचे. अख्खा मंडप तुझ्यासाठी गात होता. मी रागानं लाल झाले होते आणि माझ्याही तोंडातून तोच सूर निघून राह्यला होता, काय करणार! तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, चिडवतोयस.

पावसाळ्याच्या तोंडाशी तुला गिळायला त्रास व्हायला लागला. तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही. ऑटोत घातलं आणि त्याच डॉक्टरकडं नेलं. त्यानं नळी घालून घसा बघितला आणि खुर्चीतून उठलाच. तेलुगूत मला म्हणाला, मी या माणसाला तेव्हाच सांगितलं होतं, स्वरपेटिका काढून टाकावी लागेल. आवाज जाईल पण जीव वाचेल. इतके दिवस हा होता कुठं?

स्वरपेटिका, दादा. मी फळ्यावर जन्मभर स्वरयंत्र लिहिलं, तू जन्मभर घाटी म्हणालास, आणि तेलुगूत त्याच भागाला स्वरपेटिका म्हणतात. डॉक्टर तुझ्या गळ्यातली पेटी म्हणत होता. आणि तू घरातली काढून विहारात नेऊन ठेवलीस.

मी काही बोलायच्या आत तू, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात, अगदी गरीब गाईसारखं तोंड करून म्हणालास, "काढली ना साहेब. तवाच काढली."

डॉक्टरला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू फुटलं. नर्सनं पाणी आणून दिलं.

नंतर आपण बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. तू हात वर करून टपरीवाल्याला तेलुगूत सांगितलंस, दोन चहा, एकात साखर कमी. झालं, माझं डोकंच फिरलं.

"साखर कमी तेलुगूत सांगता येते, अन् स्वरपेटिका कळत नाही?"

"साखर रोज लागते वं. घाटीचं काम आता पडलं."

"मला तेलुगू कोणी शिकवलं?"

तू बशीत चहा ओतत बसलास.

सांग ना, कोणी शिकवलं? बाजारात नोकरी लागल्यावर तू रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर उभा राहून हर्राज बोलून दाखवायचास. निजाम गेला, त्याचा हर्राज हा शब्द आपल्या बाजारात राहिला. लिलाव म्हटलं तर आजही अर्ध्यांना कळत नाही. तू आधी मराठीत भाव पुकारायचास, मग तेलुगूत, मग व्यापाऱ्यांसाठी हिंदीत, आणि मी तुझ्या मागोमाग म्हणायचे. दुकानांच्या पाट्या वाचायला तू शिकवलंस, बोट धरून, एकेक अक्षर. "हे पाह्य, हे चकलीसारखं दिसते ना, हे अमुक." त्या तेलुगूवर मी पुढं सरकारी परीक्षा पास झाले, त्यावर माझी नोकरी टिकली, माझं घर उभं राहिलं. हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तू गावभर सांगत फिरला असतास. आता म्हणते. तुझ्यामुळं शिकले मी. आणि ज्यानं मला तेलुगू शिकवलं, त्याला तेलुगूतली पेटिका कळली नाही, हे मी कसं मानू?

पण मग वाटायचं, खरंच नसेल कळलं. बाजारात कापूस, भाव, वजन, ओल एवढंच लागतं. शरीराच्या आतल्या भागांची नावं कुठं लागतात? आणि तुझ्या डोक्यात पेटी म्हटलं की एकच पेटी. त्या वाक्याला फसायला तुझ्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. टपरीवर मी तुला सरळ विचारलं, "दादा, तुला कळलं होतं की नव्हतं?"

"तू मास्तरीन हायेस," तू म्हणालास. "तूच सांग."

मग नागपूर झालं. कॅन्सरवरचे शेक घेतले. घशाची आग आग व्हायची, पाणी उतरायचं नाही. आवाज उरला तो नुसता वारा. आता ऑपरेशन करून फायदा नाही, वेळ गेली, असं तिथल्या डॉक्टरनं आपल्या मराठीत सांगितलं, तेव्हा त्यात गैरसमज व्हायला काहीच जागा नव्हती. मी खाटेशी बसून तुला रोज तोच प्रश्न विचारायचे आणि तू रोज डोळे मिटून घ्यायचास. झोप आल्याचं सोंग. तुझं सोंग मला लहानपणापासून ओळखू येतं, पापण्या हलतात. एकदा मी चिडून तुझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बोल! नुसतं हं म्हण, मला बोटाला कळेल." तू 'हं' केलंस. बोटाखाली काहीच हललं नाही. मला काहीच कळलं नाही.

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस.

तू तर गेलास. मागं राहिली वैनी, आणि तिचं काय झालं ते तुला बघायला हवं होतं. ती तुझ्यासाठी रडत नव्हती. ती स्वतःला खात होती. येईल त्या बाईला धरून एकच सांगायची, "मी होती ना वं सोबत. डॉक्टरनं सोताच्या गळ्याले बोट लावलं होतं. माह्या डोळ्यानं पाह्यलं. मले वाटलं, दुखते कुठी ते सांगून राह्यला. मी बोट पाह्यलं अन् पेटी आयकली. मले दोन शब्द तेलगू येत असते तं हा माणूस मेला नसता." मी समजवायचे, शेजारणी समजवायच्या. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. अन्न म्हणजे दोन घास. तेही कोणी समोर बसलं तर. मी शपथेवर सांगते, तुझ्या मरणाचं मला जेवढं भ्या वाटलं नाही, तेवढं तिच्या त्या बोटाचं वाटायला लागलं होतं. बोलता बोलता ती आपलं बोट गळ्याला लावून दाखवायची. असं. इथं. असं लावलं होतं वं.

काल तेच झालं. कार्यक्रम संपला, पंगती बसल्या, आम्ही बायका विहाराच्या ओट्यावर होतो. वैनीपुढं ताट तसंच. कोणीतरी लांबची नातेवाईक आली आणि वैनीनं पुन्हा सुरू केलं. डॉक्टर, गळा, बोट, पेटी. तुझा सुदाम पलीकडं उभा राहून लोकांच्या चपला सरळ करत होता. बोट ऐकलं आणि तो थांबला. जवळ आला.

"वैनी," तो म्हणाला, "डॉक्टरनं बोट लावून दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं ना भाऊ. तेच तं सांगून राह्यली."

सुदाम माझ्याकडं वळला. मला म्हणाला, "ताई, मले हे म्हाईत नव्हतं. पेटी घेऊन आले ना भाऊ, तवा मी इचारलं, काऊन देता? तं मले म्हणे, सुदाम, डॉक्टर एक पेटी काढा म्हणते. माह्याजवळ दोन हायेत. कोनती थे त्यानं बोटानं दाखवलं. मी दुसरी काढली. मी हासलो ताई. मले वाटलं, भाऊ नेहमीसारखे मजाक करून राह्यले. भाऊबी हासले."



म्हणजे तुला कळलं होतं. पहिल्याच दिवशी, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, पूर्ण कळलं होतं. गळ्यातली पेटी काढली तर जगशील, पण मुका. ठेवली तर एखादी जयंती मिळेल. तू जयंती घेतलीस. मंडपात हात वर करून माझ्याकडं बघितलंस ते चिडवायला नव्हतं. आणि मी मूर्ख तुझी बाही ओढत होते!

एवढं सगळं ठरवलंस, दादा, आणि सांगितलंस कोणाला, तर ढोलकीवाल्याला, तेही गमतीत. मला नाही. मला काऊन नाही? रात्रभर उशी भिजवून मी ह्याच प्रश्नाशी भांडले आणि उत्तर मला माहीत होतं, म्हणून जास्त रडले. मला सांगितलं असतंस तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. शाळेत रजा टाकून तुझ्या दारात बसले असते. वैनीला, पोरांना, अख्ख्या गावाला तुझ्या अंगावर घातलं असतं. आणि तू ऐकलं असतंस. गाव समजायचं की दादापुढं पमी हरते. पण मी खरंच रडायला लागले की तुझं काही चालायचं नाही, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मी तुला त्या टेबलावर झोपवलं असतं, दादा. आज तू असतास. कोपऱ्यात पेटी असती आणि तू तिच्याकडं बघत बसला असतास, एक शब्द न बोलता, आणि मी जिंकले म्हणून रोज तुला चहा आणून दिला असता. ते तुला नको होतं. म्हणून तू माझ्यापुढं भोळा झालास. जन्मभराच्या सगळ्या वादांत हा एकच तू मला घालू दिला नाहीस, आणि हाच मी जिंकले असते. मी तुला कधी माफ करणार नाही. आणि त्या जयंतीला तू जसा गायलास, तसं ऐकायला मिळालं म्हणून रोज उपकारही मानीन. दोन्ही करीन. मला अडवणारा तू आता कोण?

पण वैनीचं सांगायचं राहिलं.

सुदामचं बोलणं ऐकताना तिचं बोट गळ्यालाच होतं. मला वाटलं, आता ही दुसऱ्या टोकाला जाणार. मला टाकून गाणं धरलं म्हणून रडणार. तिनं बोट खाली घेतलं.

"म्हणजे यायले समजलं होतं?" तिनं सुदामला विचारलं.

"समजलं होतं वैनी."

"अन् मी शेजारी बसली होती."

"हाव."

"अन् घरी आल्यावर माह्याकडं पाहून म्हणे, हाव ना, पेटीच म्हणे ना डॉक्टर? अन् मी मान हालवली." तिचा आवाज चढायला लागला. "साक्षीदार केलं मले! असा कसा डांबीस माणूस व्हय वं हा, ताई? मी इकडे तेलगू येत नाई म्हणून सोताले मारून राह्यली, अन् हा निरा नाटक करून मोकळा! येऊ दे, भेटू दे मले कुठी, दाखवीन याले!"

दादा, तुझ्या बायकोनं तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या ओट्यावर बसून तुला शिव्या घातल्या. चांगल्या, यवतमाळकडच्या. बायका घाबरून तिला धरायला लागल्या. मी म्हटलं, धरू नका, बोलू द्या. इतक्या दिवसांत तिच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला होता. बोलून बोलून दमली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं, समोरचं ताट ओढलं आणि म्हणाली, "वरण थंडं झालं. गरम वाढा मले." आणि जेवली. पोळी मागून घेतली. आम्ही सगळ्या तिच्याकडं बघत होतो. ती कोणाकडं बघत नव्हती.

निघताना सुदाम आडून आडून तिच्याजवळ आला. हात जोडून उभा. आत वंदनेच्या जागेशेजारी तुझी पेटी ठेवलेली दिसत होती, वर कोणीतरी पांढरा रुमाल टाकलेला.

"वैनी," तो म्हणाला, "भाऊची आठवण व्हय. पेटी घरी आणून देऊ का?"

वैनीनं चपला घातल्या. पदर खोचला. पेटीकडं एकदा बघितलं.

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "डॉक्टरनं काढाले सांगितली हाय."